दरीपाशी अडलेली ताई

आमची ताई शाळेचे गणवेश शिवायची. उभं आयुष्य मशीनवर गेलं. एक टाका वाकडा पडला तर अख्खी शिवण उसवायची. मी म्हणायचे, "अगं, पोरं चार दिवसांत फाडून ठेवणार आहेत!" त्यावर ती डोळे वटारून बघायची आणि उसवत राहायची.

ही खोड पपांची. लहानपणी आम्हा दोघी बहिणींना बायबलचं वचन म्हणून दाखवल्याशिवाय ताट मिळायचं नाही. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. कुणी पुढचा शब्द सांगितला तर पपा ते धरायचे नाहीत. मी रडायचे, मग आई मला गुपचूप काहीतरी खायला द्यायची. ताई मात्र घडाघडा म्हणून ऐटीत जेवायला बसायची. पुढे भावजी गेले, तेव्हा आम्ही सगळे गळपटलो. तिने बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं, डोळे पुसले आणि अर्धवट राहिलेला सदरा पुरा केला. मला तिचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

आता तिच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललंय. मी कोण ते गेलं, न्हाणीघर कुठे ते गेलं. पपांचा तो मेला नियम तेवढा शिल्लक! ताट समोर आलं की हात जोडून तेच स्तोत्र सुरू करते. हिरवी कुरणं येतात, संथ पाणी येतं, काळोखी दरी येते आणि तिथेच गाडं अडतं. मग पहिल्यापासून. भात गार होतो. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटून घेते.

देव सोबत आहे म्हणून भ्यायचं नाही, एवढंच तर पुढे आहे. पण मी सांगायला लागले की ती कानांवर हात ठेवते. "सांगू नकोस! पपा धरणार नाहीत."

चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. म्हणाले, "देवाला पाठांतर नको असतं." देवाला नसेल हो, पण पपांना? ताईची नुसती हाडं राहिलीत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

काल दुपारी ती पुन्हा दरीपाशी थांबली, तेव्हा मी पपांसारखा जाड आवाज काढला. "शाबास! झालं. जेव आता."

तिने मान हलवली. "नाही झालं. मी अजून दरीतच आहे."

माझं डोकंच फिरलं. रडत, संतापत मी ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकही शब्द न चुकता. ताई डोळे विस्फारून ऐकत राहिली. तिचा चेहरा इतका उजळला की मी पटकन चमचा उचलला.

तिने तो हळूच बाजूला केला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुझं झालं, तू जेव," ती म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."