मोहाचा धूर आणि माझं लिंपण

माझ्या सासऱ्यांचा जीव मी एकदा घेता घेता राहिले, आणि तोही त्यांना चांगली हवा मिळावी म्हणून.

आमचं गाव मूल, धानाचं, म्हणजे भातशेतीचं. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती, वीज अजून यायची होती, धूर मात्र दर फागुनात न चुकता यायचा. मोहाची फुलं पडू लागण्याआधी जो तो आपल्या झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करायचा, म्हणजे वेचताना फुलं दिसतात. त्यात भातगिरणीमागे तुसाचा ढीग धुमसत असायचा. सगळं गाव खोकायचं, आणि खोकत खोकत पुन्हा जाळायला जायचं!

मामाजी, म्हणजे माझे सासरे, दम्याचे. आदल्याच फागुनात सासूबाई अशाच खोकल्यानं गेल्या होत्या. त्यामुळे यंदा मामाजींच्या छातीत घरघर सुरू झाली तसं आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलेना. मला तर रात्रंदिवस तीच धास्ती.

"सूनबाई, हा फागुन काई मी काढत नाई."

"असं नका बोलू, मामाजी."

"बरं. आपल्या मोहाखालचा पाला जाळला का?"

"तुमालेच धूर सहन होत नाई नं! काऊन जाळाचा?"

"मंग फुलं कशी दिसतीन?" असं म्हणून ते पुन्हा खोकायला लागले.

गाव बंद करणं माझ्या हातात नव्हतं, घर बंद करणं होतं. शेण-माती कालवून मी कुडाच्या भिंतींतली भोकं बुजवली. खिडकीला बांबूचा तट्टा लावून तोही लिंपून टाकला. मग नवऱ्याला कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर चढवलं. "अवो, कवेलूची एक बी फट सोडू नका!" बिचारे दिवसभर वर बसून लिंपत होते. संध्याकाळी घर अगदी मडक्यासारखं झालं. मामाजी खूश. "वा सूनबाई, आता कसा येते धूर तेच पायतो!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी हे शेतावर गेले. मी मामाजींसाठी अडुळशाचा काढा करायला चूल पेटवली. (आमच्या घराला धुराडं नव्हतं. चुलीचा धूर इतकी वर्षं कवेलूंच्या फटींतूनच जात होता. तुम्हाला हे आत्ता कळलं. मला कळायला अजून वेळ होता!)

थोड्याच वेळात घर धुरकटलं.

"सूनबाई, धूर येऊन राह्यला वो!"

"कुठी तरी फट राह्यली असन, मामाजी! थांबा!"

मी धावत जाऊन दार लावलं. दाराखाली ओली गोधडी कोंबली. धूर वाढला. मामाजींचा खोकला वाढला. खोकला वाढला म्हणून काढा लवकर व्हावा असं वाटलं, म्हणून चुलीत आणखी लाकडं घातली. तीही ओली! "मेले गावातले लोक, आज जास्तच जाळून राह्यले!" असं म्हणत मी फुंकणीनं चूल फुंकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी गावाला शिव्या देत होते.

मग मामाजींचा खोकलाच थांबला. तेव्हा मात्र मी फुंकणी टाकून खाटेकडे धावले.

बाहेरून शेजारच्या सीताबाई दार ठोकत होत्या. "काऊन वो, कोन खोकून राह्यलं एवढं?"

"दार नका उघडू, बाई! धूर आत येईन!"

सीताबाईंनी दार ढकललं. गोधडीसकट ते उघडलं आणि आतला धूर त्यांच्या तोंडावर गेला. "आग! आग लागली!" म्हणून त्यांनी जी बोंब ठोकली, ती ऐकून अर्धी आळी घागरी घेऊन धावली. ती बोंब शेतावर ह्यांच्याही कानी गेली. ते आले ते थेट छपरावर चढले आणि आदल्या दिवशी लिंपलेली कवेलू उचकटून फेकू लागले. वरून चिखल, समोरून पाणी, आणि मध्ये खाटेवर मामाजी!

खाट अंगणात आणली. मामाजींचे ओठ काळे-निळे पडले होते. मी त्यांचे पाय धरून रडत होते. सासूबाईंना धुरानं नेलं, मामाजींना मी नेलं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात मामाजींची छाती हलली. एक लांब घरघर झाली. त्यांनी डोळे उघडले, चिखलानं भरलेल्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "मोहाखालचा पाला... जाळला का?"

त्या दुपारी मी स्वतः जाऊन पाला जाळला. गावच्या धुरात आमचाही धूर मिसळला.

मामाजी तो फागुन निभावून गेले, पुढचेही काही. गेले ते भर पावसाळ्यात, हवा धुऊन निघालेली असताना. सीताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बरं झालं बाई, धुरानं तरी नाई गेले."

धुरानं ते काय जाणार होते! माझ्या हाती सापडून वाचलेला माणूस तो.