दोनच खोल्या बांधा की

उजनीच्या काठावर आमचा जमिनीचा तुकडा आहे. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांसाठी तिथे भाड्याने द्यायचं घर बांधायचं होतं. दोन खोल्यांचं की चार, ते ठरत नव्हतं. येतोय असा फोन केला की बांधापलीकडचे एक शेतकरी आधीच हजर असायचे. चपला काढून आमची जागा पावलांनी मोजायचे, दोन खोल्यांएवढी जागा भरली की धोतर सावरून तिथेच उकिडवे बसायचे. "दोनच बांधा की सर. झाडलोट कोण करणार हितं?"

इतकी काळजी मला खटकायची.

परवा न कळवता गेलो. ते बसायचे नेमक्या त्या जागी, दाव्याने घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या खुंट्याला त्यांची म्हैस बांधलेली होती.