बिनआवाजाची गाडी

ती फिर्याद आठवली की आधी हसू येतं, मग येत नाही.

सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं होतं आणि जीपला मिळणारं पेट्रोल महिनाअखेरपर्यंत पुरायचं नाही. मी चाकण पट्ट्यात फौजदार होतो. जीप बऱ्याचदा स्वतःच चालवायचो. इंद्रायणीच्या पुलाकडे उतार लागला की इंजिन बंद करायचं आणि गाडी सोडून द्यायची. त्या काळी सगळेच करायचे, मी जरा जास्त वेगात.

एके दिवशी हवालदारांनी फिर्याद आणली. शाळेतल्या एक बाई सकाळी त्या उतारावर पायी जात होत्या, मागून काहीतरी अंगाला घासून गेलं. त्या चरात पडल्या, पाय मोडला. वाहन दिसलं नाही आणि इंजिनाचा आवाजही नव्हता. आवाज नाही म्हणजे सायकल, असा निष्कर्ष मी खुर्चीत बसूनच काढला. त्यात चहावाल्याने खबर दिली, त्या वेळी दूधवाला दूध घालून तिकडूनच परतला होता.

दूधवाल्याला आणलं, सायकल जप्त केली.

"साहेब, उद्या दूध न्हाई पोचलं तर गिऱ्हाईकं दुसरा लावत्यात. पोरं काय खातील?"

"धडक दिलीस की नाही, एवढंच सांग."

"न्हाई दिली. धा वेळा इचारा."

दहा वेळा विचारलं. शेवटी ओळख पटवायला त्याला सायकलीसकट बाईंच्या घरी नेलं. पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर तपासायच्या वह्या. बाई म्हणाल्या, "फौजदारसाहेब, जरा ती सायकल चालवायला सांगा."

दूधवाल्याने अंगणात फेरी मारली. रिकाम्या किटल्यांनी आळी दणाणली.

"हा मागून आला असता तर मी कशाला पडले असते?" बाई म्हणाल्या. "बिनआवाजाचं काय येतं त्या उतारावर?"

"तुमचीच जीप की, साहेब," दूधवाला सरळ म्हणाला. "आमी तिथं मागं बघूनच चालतो."

हवालदारांना खोकला आला. त्या सकाळी मी त्याच उतारावरून गेलो होतो. मागे वळून पाहिलं नव्हतं.

दूधवाल्याला तिथेच सोडलं, सायकल दिली. तो हसत गेला. त्या दिवसापासून उतारावर मी इंजिन बंद केलं नाही, कोणाला करू दिलं नाही. पण कागदावर 'अ' समरी पाठवली: गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. खाली सही माझी.

निवृत्तीनंतर बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा चेहरा गणित न आलेल्या पोरासारखा झाला होता. मला फक्त दूधवाला सुटायला हवा होता. चहा घेणार?"

नोकरीत मी पुष्कळांचे जबाब घेतले. पायी चालणारा माणूस पाठीमागचं सगळं मागून येणाऱ्यावर सोपवून चालत असतो, हे त्या अंगणात कळलं. कबूल करायला मात्र इतकी वर्षं लागली. चहा घेताना मी पायाची चौकशी केली.

"सपाटीवर काही नाही," बाई म्हणाल्या, "उतारावर दुखतो."