तळघरातली तालीम

गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करता करता वर्लीन आत्याला त्यांच्या शिव्या तोंडपाठ झाल्या होत्या. म्हणून तर तालमीतलं ते काम तिच्या गळ्यात पडलं.

एकोणीसशे साठ साली, टेनेसीतल्या आमच्या गावात, काळी पोरं दुकानातल्या फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन शांत बसणार होती. मार खाऊनही हात उचलायचा नाही, हे शिकायला चर्चच्या तळघरात तालीम चालायची. पोरं ओळीनं बसायची आणि कुणीतरी गोरा होऊन त्यांना मागून छळायचं. इतरांना मध्येच हसू फुटायचं. आत्याला नाही. ती मालकिणीच्या आवाजात बोलायची, मानेवर गार कॉफी ओतायची. लॉन्झो, म्हणजे माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ. त्यांना तर ती सोडायचीच नाही.

"हात मांडीवर. मान खाली. ऐकू येत नाही का रे, काळ्या?"

मग एका शनिवारी खऱ्या काउंटरवर गोऱ्यांनी बाबांना स्टुलावरून ओढून तुडवलं. त्यांनी हात उचलला नाही. सुजलेल्या तोंडानं घरी येऊन म्हणाले, "ताई, तुझी सर नाही त्यांना."

सगळे हसले. आत्या उठून परसात गेली.

पुढे काउंटर सगळ्यांना खुलं झालं. आपण शांततेनं जिंकलो, असं लोक भाषणात सांगतात. जिंकलो असू.

म्हातारपणी बाबा सगळं विसरले, माझं नावसुद्धा. दर रविवारी आत्या मक्याचा पाव घेऊन यायची आणि दारातूनच हळू आवाजात विचारायची, "लॉन्झो, जेवलास का रे?"

बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि मान खाली घालायचे.