शंखाने बसलेला घसा

“अंकलजी, आंटी को कोविड निमोनिया है,” पंजाबी डॉक्टरीण बाई म्हणाली. म्हणजे व्हायरस छातीत उतरला, फुप्फुसं सुजली, श्वास पुरेना. मग तिने विचारलं, “घर में पहले किसको हुआ?”

मी चौथी शिकलेला सुतार. इथे परदेशात, सरे शहरात तीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवली, कुणापुढे मान खाली घातली नाही. त्या दिवशी घातली.

झालं असं. निर्बंध उठले. हॉलच्या दारावरचा मास्कचा बोर्ड निघाला. दोन वर्षांनी मंडळाचा गणपती हॉलमध्ये बसणार होता, आणि आरतीला शंख मीच फुंकतो. एका दमात, पोरं आकडे मोजतात.

मुलगा महेश म्हणाला, “बाबा, आईची इम्युनिटी वीक आहे. एवढं वर्ष स्किप करा.” माझी बायको सुमन संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेते. त्याने सांधे शांत राहतात, पण रोगाशी झगडायची ताकद कमी होते. मी म्हणालो, “सरकारपेक्षा तुला जास्त कळतं का?”

माझ्या आधी एकाने हौसेने शंख फुंकून बघितला. मी धोतराच्या सोग्याने पुसला आणि तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी घसा खवखवला. सुमन म्हणाली, “अहो, टेस्ट करा. नाहीतर दोन दिवस बेसमेंटमध्ये झोपा.”

“दोन वर्षांनी फुंकलाय, घसा बसणारच. आणि माझ्याच घरात मी खाली झोपू?”

टेस्टचा डबा ड्रॉवरमध्येच राहिला. मला दोन दिवस कणकण आली नि गेली. आठवड्याने सुमन चार पायऱ्या चढून मधेच बसली. ओठ निळसर.

अकरा दिवस हॉस्पिटल. एक्स-रे, रक्त, परत एक्स-रे. वेटिंग रूममध्ये एक जण मास्क हनुवटीवर ओढून खोकत होता. ओरडणार होतो. कुठल्या तोंडाने ओरडू?

सुमन वाचली. त्या डॉक्टरीण बाईचे आणि नर्सांचे उपकार फिटायचे नाहीत. घरी येताना ऑक्सिजनचं मशीन आलं, लांब नळीचं. नळी पुरते तेवढंच तिचं घर.

सोबत स्पायरोमीटर दिला. तीन बॉलचा डबा असतो, नळीतून श्वास आत ओढला की बॉल वर जातात. सुमनचा एकच जातो, तोही अर्धा. एकदा ती झोपली असताना मी माझ्यासाठी आणलेला नवा डबा घेऊन श्वास ओढून बघितला. तिन्ही बॉल टणकन वर. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

यंदा मंडळाचा फोन आला. “काका, शंखाला या. आता व्हायरसबरोबर जगायला शिकायचं.”

“शिकलोय. तो माझ्या घरात नळी लावून बसलाय,” म्हणालो आणि फोन ठेवला.

सुमनने ऐकलं. “लोकांवर कशाला डाफरता? त्यांनी सांगितलं होतं का घसा लपवायला?”

बरोबर बोलली. तुमच्या घरात कुणी अशा औषधांवर असेल तर माझं एवढं ऐका. घसा खवखवला की आधी टेस्ट, मग बाकीचं. सरकारने बोर्ड काढला तो हॉलच्या दारावरचा. आपल्या दारावरचा आपण काढायचा की नाही, ते आत कोण झोपलंय ते बघून ठरवा.

माझं अंथरूण आता थंडी-खोकला झाला की बेसमेंटमध्ये असतं. कुणाला सांगावं लागत नाही.