आखणीवाली पुतळी आणि तिचे देगू

पुतळीबाई स्वस्थ बसलेली पेणच्या रामवाडीत कुणी पाहिली असेल, तर त्याने खुशाल पुढे येऊन सांगावं. चहासुद्धा बाई उभ्यानेच प्यायची. एक घोट दारात, दुसरा मागच्या पडवीत. फक्त हातात कुंचला आला की तिचे पाय थांबायचे. पेणमध्ये गणपतीचे कारखाने पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी करणारे हात थोडे आणि त्यांत पुतळीचे नावाजलेले. मूर्तीला रंग कुणीही फासेल हो, डोळे आखणं सोम्यागोम्याचं काम नाही.

नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माहेर धरमतरच्या मिठागरांकडचं. पाठचा भाऊ जगन रोह्याला औषधांच्या एका कंपनीत प्रयोगाचे प्राणी सांभाळायचा. सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात तो जाळीचा पिंजरा घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. आत दोन प्राणी होते. उंदराहून मोठे, घुशीहून लहान, तपकिरी, शेपटीच्या टोकाला झुबका आणि दात चक्क नारिंगी.

"घुशी आणल्यास व्हय रे माझ्या घरात?"

"घुशी नायत गो ताय, देगू म्हणतात ह्यांना. लांब चिली देशातले हायेत. कंपनीतलं ह्यांचं काम संपलं. मॅडम म्हणल्या, कोण नीट सांभाळणार असेल तर ने, नायतर..." जगनने पिंजरा आत सरकवला.

मग त्याने पढवलं. खायला सुकं गवत नाहीतर पेंढा. आंघोळ पाण्याची नाही, कोरड्या मऊ वाळूची. शेपटी धरायची नाही, कातडं निघून हातात येतं. दोघांना वेगळं करायचं नाही, एकटा झुरतो. "आणि गोड म्हणून काय द्यायचं नाय, ताय. गूळ नाय, केळं नाय. गोड ह्यांना इख हाय, इख!"

पुतळीने आधी नाक मुरडलं. पण आठ दिवसांत तिला तोडीस तोड भेटल्याचं कळलं. ते दोघेही क्षणभर स्थिर नसत. धाव, कुरतड, वाळूत लोळ, पुन्हा धाव. तिने त्यांची नावं थोरला आणि धाकटा ठेवली. कारखान्यातून ती आली की थोरला जाळीला पंजे लावून शीळ घालायचा. दहा वर्षांत त्या घरात तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. बाई कुणाला बोलली नाही, पण त्या शिळेसाठी ती स्टँडपासून घरापर्यंत पळत यायची.

श्रावण लागला आणि कारखान्यात कामाची झुंबड उडाली. पहाटे गेलेली पुतळी दिवेलागण उलटून परतायची. तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या धोंडुबाईच्या हातात किल्ली देत, चपलेत पाय घालता घालता ती म्हणाली, "धोंडुबाय, ह्यांचं दाणापाणी बघ गो." आणि सुटली.

आता धोंडुबाईची गोष्ट अशी, की तिच्या लेखी उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. आणि हे तर परदेशातून चालत आलेलं! बाप्पाचं वाहन दारी आलंय आणि ही बया त्याला पेंढा घालते? म्हातारीचा जीव तुटला. रोज सकाळी गुळाचा खडा, संध्याकाळी खोबऱ्याची खिरापत. आळीतल्या बायकाही दर्शनाला येऊ लागल्या, त्याही हात हलवत कशा येतील? धाकटा पेंढ्यातच तोंड घालून बसे. थोरला मात्र सगळ्यांच्या हातचं खायचा.

पाण्याची बाटली रोज तळाला जातेय, पिंजरा ओला राहतोय, हे पुतळीने पाहिलं होतं. उकाडा असेल म्हणाली आणि पुन्हा सुटली.

शेवटची मूर्ती कारखान्याबाहेर गेली, चतुर्थी पार पडली, तेव्हा कुठे ती पिंजऱ्यासमोर वाकली. थोरला शीळ घालत आला तो सरळ जाळीवर आपटला. तिने त्याला हातावर घेऊन उजेडात धरलं. हजारो डोळे आखलेली बाई ती, तिला का कळणार नाही? काळ्याभोर बुबुळामागे दुधासारखं पांढरं साचलं होतं, दोन्हीकडे. पेंढा उपसला तर कोपऱ्यात मुंग्या लागलेला गुळाचा खडा!

धोंडुबाई लेकीकडे गेली होती म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी रामवाडीत तमाशा झाला असता. पिंजरा उचलून पुतळीने रोह्याची एस्टी पकडली. गाडी अर्धी रिकामी, तरी ही उभीच. नागोठणं येईपर्यंत तिने मनातल्या मनात धोंडुबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करून टाकला.

जगनने मॅडमना गाठलं. निशिगंधा मॅडमनी बॅटरी लावून थोरल्याचे डोळे पाहिले, मग धाकट्याचे. "हा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "याला मात्र साखर झालीय. दृष्टी परत यायची नाही. आमचा प्रयोग या गोष्टीवरच होता हो, पुतळीताई. साखर दिली की यांचे डोळे जातात, ते आम्ही मुद्दाम साखर देऊन बघत होतो. या दोघांना साखर दिली नव्हती, म्हणून हे त्यातून सुटलेले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "इथे ठेवून गेलात तर त्याला त्रास होऊ देणार नाही. एक सुई."

"नाय!" पुतळी इतक्या जोरात म्हणाली की जगन दचकला. मग तिची जीभ सुटली. त्या म्हातारीने वाटोळं केलं, हात झडले पाहिजेत तिचे, असं बरंच काही.

जगनने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताय, गोड द्यायचं नाय ह्ये तू तिला सांगितलंस कधी?"

तिला चप्पल आठवली, किल्ली आठवली, दाणापाणी आठवलं. सांगितलं होतं का? नव्हतं. एवढी एक गोष्ट सांगायला ती थांबली नव्हती.

परतीच्या गाडीत तिला शिव्या घालायला कुणीच उरलं नव्हतं. पिंजरा मांडीवर घेऊन ती पेणपर्यंत रडली. शेजारच्या बाईने विचारलं, तरी ती लाजली नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई आली. आल्या आल्या मुठीतला खडा पुढे करून म्हणाली, "बाप्पाचं वाहन बरं हाय ना गो?"

पुतळीने तिला हाताला धरून बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. सगळं सांगितलं. "तुझी चूक नाय, धोंडुबाय. मी सांगायचं व्हतं, नाय सांगितलं. माझ्यापायी गेले त्याचे डोळे."

म्हातारीच्या हातातला खडा गळून पडला. तिने बोटं पिंजऱ्याच्या जाळीला टेकवली. तेवढ्यात तिच्या आवाजावर थोरला जाळी चाचपत आला आणि तिच्या रिकाम्या बोटांना हुंगू लागला. एक बोट, दुसरं बोट, मग पुन्हा पहिलं.

"काय करतंय गो हे?" धोंडुबाईने विचारलं.

"गूळ मागतोय," पुतळी म्हणाली.

धोंडुबाईने डोळ्यांना पदर लावला, पण दुसरा हात काही जाळीवरून काढून घेतला नाही.