थेम्सच्या काठावरची चुंबळ

मेडनहेडला आमच्या भागातल्या चर्चने मलावीतल्या एका खेड्यात हातपंप बसवायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी थेम्सच्या काठाने पाण्याचे कॅन घेऊन चालायचा कार्यक्रम काढला. तिथल्या बायका पाणी किती लांबून आणतात ते आपल्यालाही कळावं, हा उद्देश. नियम एकच: पुलापासून चर्चच्या दारापर्यंत कॅन जमिनीला टेकता कामा नये. टेकला, की तुमच्यासाठी लोकांनी कबूल केलेले पैसे बुडाले. जोडीदाराशी अदलाबदल चालेल.

पैसे कबूल करून घेताना माझ्या मुलीने शाळा, शेजारीपाजारी, माझं ऑफिस, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. आदल्या दिवशी तिची जोडीदार मैत्रीण तापाने आडवी झाली, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, माझी कंबर धरलीय. कंबर ठणठणीत होती. खरं तर मला त्या कार्यक्रमाचाच संताप आला होता. माझं सगळं बालपण मराठवाड्यातल्या एका कोरड्या गावात, शिवेबाहेरच्या विहिरीवरून हंडे आणण्यात गेलं. पुण्याला नोकरी लागली तेव्हा ठरवलं होतं, आता डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीच्या लेखी मी पुण्याची.

सकाळी लोक खिदळत, कॅनबरोबर फोटो काढत निघाले. शेजारून नदी दुथडी भरून चालली होती. माझं डोकं फिरलं होतं, पण मुलगी एकटी, म्हणून मुकाट्याने तिच्या बाजूने चालत राहिले.

बाकीच्यांचे कॅन हातात नाहीतर खांद्यावर. हिने कार्यक्रमाच्या पोस्टरवरच्या बाईसारखा थेट डोक्यावर घेतलेला. अर्ध्या वाटेत तिची मान थरथरायला लागली आणि मला माझी ताई दिसायला लागली. ताई विहिरीच्या पायरीवर भरल्या हंड्यासकट घसरली होती. तेव्हापासून तिची मान एका बाजूला वळतच नाही.

‘ठेव खाली,’ मी म्हटलं.

‘नो!’

‘अगं, तुझे सगळे पैसे मी भरते. ठेव.’

‘आई, प्लीज. इट्स नॉट द सेम. मी प्रॉमिस केलंय सगळ्यांना.’ मग बारीक आवाजात, ‘माझा मान खूप दुखतो गं.’

पुढच्याच चिखलात तिचा पाय सटकला. कॅन कलंडला, तो मी दोन्ही हातांनी वरच्या वर झेलला. जमीन वीतभर खाली होती. एकदा वाटलं, द्यावा सोडून, सुटू दोघी. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला सोसवेना.

‘पोटाशी धर जरा,’ म्हणून कॅन तिच्या हातात दिला. गळ्यातला स्कार्फ काढला, बोटांवर गुंडाळला, पीळ दिला, टोक आत खोचलं. चुंबळ तयार. ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हटलं, ‘आता उचलू लाग.’

मान ताठ झाली, नजर समोर गेली, पावलं आपोआप लहान पडू लागली. हात सोडले तरी कॅन हलेना. माझ्या अंगाला हे अजून येतंय याचाच मला राग आला.

‘आई, हे तू कुठे शिकली?’ मुलगी मागून विचारत होती. ‘आई?’

पाणी डोक्यावर असताना बोलायचं नाही, ही ताईची शिस्त.

चर्चच्या दारात लोक उठून उभे राहिले. ‘ब्रिलियंट! ब्रिलियंट!’ म्हणत टाळ्यांचा नुसता कडकडाट. मुलीने कॅन उतरवून घेतला आणि मला घट्ट मिठी मारली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

ताई आणि मी पाणी घेऊन दारात यायचो, तेव्हा घरातून एकच प्रश्न यायचा: एवढा उशीर का झाला?